मोटरसायकलसाठी परवडणारं जीपीएस: दहा-बारा हजारांत काय घ्यावं?

साताऱ्याचा_स्वार

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोनशे सीसीची गाडी आहे. दिवाळीनंतर रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी मार्गाने जायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात लडाख, असा बेत आहे. आतापर्यंत रोजचा फोनच हँडलला लावत आलोय. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, पावसात थेंबांनी नकाशा आपोआप सरकतो, हातमोजे घातले की बोट लागत नाही. वर घरचे आणि ऑफिसचे फोनही त्याच्यावरच येतात. म्हणून नुसतं वाट दाखवणारं वेगळं यंत्र घ्यावं म्हणतोय.

बजेट दहा हजार, ताणून बारा. ऑनलाइन शोधलं की 'बाइक जीपीएस' नावाच्या दोन-तीन हजारांच्या वस्तू दिसतात, पण त्यांना पडदाच नसतो. गार्मिनची खास मोटरसायकलची यंत्रं पाहिली, तर गाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी किंमत. चुलतभाऊ जर्मनीहून दिवाळीला येतोय, त्याच्याकडून काही मागवता येईल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटमाथा

आधी गोंधळ मिटवू. तुम्हाला दिसल्या त्या पडदा नसलेल्या वस्तू म्हणजे ट्रॅकर. आत सिमकार्ड असतं, गाडी कुठे आहे ते तुमच्या फोनवर कळवतात. चोरीपासून बचाव म्हणून ठीक, पण वाट दाखवणं हे त्यांचं काम नाही. ते बाजूला ठेवा.

आता खरा प्रश्न. उपग्रहांचे संदेश पकडणारी चिप आज सगळ्यात साध्या स्मार्टफोनमध्येही असते. गार्मिनचा मोटरसायकलसाठीचा झूमो एक्सटी २०२० मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ४९९ डॉलर होती. त्यातले बहुतेक पैसे जातात ते उन्हात वाचता येणारा साडेपाच इंची पडदा, पाण्यात टिकणारी पेटी, हातमोज्यांतून चालणारा स्पर्श आणि गाडीची थरथर सोसणारी बांधणी यांना. तुमच्या पहिल्या तीन तक्रारी नेमक्या ह्यांतल्याच आहेत, जागा अचूक कळत नाही अशी तक्रार तुम्ही केलेलीच नाही. म्हणून दहा हजारांत नवं 'जीपीएस' शोधण्यापेक्षा ह्या चार गोष्टी स्वस्तात कशा सुटतील ते बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी शिफारस: घरात पडून असलेला किंवा वापरलेला स्वस्त अँड्रॉइड फोन फक्त गाडीसाठी ठेवा. सिम नको. विमान मोडमध्येही जीपीएस चालतं. एकच लक्षात ठेवा, इंटरनेट नसताना पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो, कारण उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला थेट उपग्रहाकडूनच उतरवून घ्यावी लागते. अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटं जातात. त्यामुळे निघण्याआधी अंगणात, मोकळ्या आभाळाखाली फोन चालू करा आणि मग बॅगा बांधायला घ्या. टॅबलेट घ्यायचा विचार असेल तर सांभाळून, नुसत्या वायफायच्या बऱ्याच टॅबलेटमध्ये जीपीएस नसतंच.

निळी_हिमालयन

घाटमाथा दादांशी सहमत. स्वस्त फोन घ्यायला आणखी एक कारण आहे. महागड्या फोनच्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर ठेवणारी हलती भिंगं असतात. गाडीच्या थरथरीने ती बिघडतात. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच तशी सूचना काढली होती, की जोरदार इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन थेट लावू नका आणि स्कूटरवर लावायचा तर थरथर शोषणारा माउंट वापरा. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा नवाकोरा फोन (कंपनी सोडून द्या) एका लांबच्या राइडनंतर फोटो धूसर काढायला लागला तो कायमचाच. साध्या फोनमध्ये हा भाग बहुधा नसतोच, म्हणजे बिघडायला काही उरतच नाही.

माउंट घेताना चारही कोपरे पकडणारा जबड्याचा घ्या, आणि खाली रबरी डँपर (थरथर शोषणारी जोड) असलेला. दोन्ही मिळून दीड ते अडीच हजारांत येतं. इथे काटकसर करू नका. चारशे रुपयांच्या माउंटमधून फोन आंबोलीच्या दरीत गेला तर सगळा हिशेबच संपला.

माझ्या गाडीत कंपनीचाच चार इंची गोल पडदा आहे, त्यावर गूगल मॅप्स पूर्ण दिसतो. उत्तम आहे. पण तोही फोनवरूनच येतो. फोनवर कंपनीचं अ‍ॅप चालू ठेवावं लागतं, फोन खिशात तापतो आणि बॅटरी झरझर उतरते. नवी गाडी घेणाऱ्यांनी ही सोय जरूर बघावी, फक्त यासाठी गाडी बदलू नये.

विदर्भवासी

भाऊ, आमच्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अ‍ॅपल आपले फोन शून्य ते पस्तीस अंश हवेतच वापरा म्हणते. म्हणजे आमच्याकडे फोनने सकाळी नवालाच सुट्टी घ्यायची का? पण लोक चालवतातच नं. तापण्याबद्दल माझे अनुभव लिहितो.

पारदर्शक प्लास्टिकचा पाऊच सगळ्यात वाईट. पावसापासून वाचवतो, पण उन्हात आत हवा कोंडते आणि फोन बंदच पडतो. वायरलेस चार्जिंगवाला माउंटही नको, ते आणखी उष्णता घालतं. साधी केबल लावा, फोनचं कव्हर काढा, मोबाइल डेटा आणि ब्लूटूथ लागत नसेल तर बंद करा. पडद्यावर छोटी टोपी येते, शंभर-दोनशेची, ती लावा. सावलीमुळे नकाशा दिसतो आणि फोन कमी प्रकाशावर भागवतो, म्हणून तापतही कमी.

सरळ रस्ता असेल तर पडदा बंद ठेवून नुसता आवाज ऐका. नागपूर-अमरावती रस्त्यावर दर मिनिटाला नकाशात काय पाहायचं? हेल्मेटमधल्या ब्लूटूथ स्पीकरवर हळू आवाजात वळण सांगितलं की पुरे. कानात बोंडं घालू नका, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

तांब्याची_तार

मी गाड्यांची वायरिंग करतो, तेव्हा चार्जरबद्दल लिहितो. इथेच लोक सर्वांत जास्त गडबड करतात.

यूएसबी चार्जर बॅटरीला थेट जोडायचा नाही. जोडायचाच असेल तर मध्ये रिले (चावी चालू असेल तरच वीज पुढे सोडणारा स्विच) घ्या, तो इग्निशनच्या वायरने चालू व्हायला हवा, आणि बॅटरीच्या जवळ फ्यूज. चार्जरला दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज पुरतो. फोनला पाच व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे दहा वॅट, बॅटरीतून जेमतेम एक अँपिअर. दोनशे सीसीच्या गाडीला हे जड नाही. पण शंभर सीसीच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तीन-चार अँपिअर-अवरच्या असतात. चार्जर थेट बॅटरीवर ठेवून रात्रभर फोन लावला की सकाळी सेल्फ मारत नाही. इग्निशनवर घेतला की चावी काढताच बंद, विषय संपला.

हेडलाइटची वायर सोलून त्यात चार्जर पिळून बसवणारे पुष्कळ आहेत. करू नका. पावसात तिथेच गंज धरतो आणि मग घाटात दिवा जातो. जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक नळी (तापवली की आवळून बसते ती) चढवा, वायर टाकीखालून न्या आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे ताणली जात नाही ना. झाकणवाला चार्जर घ्या, झाकण खालच्या बाजूला उघडेल असा लावा. चांगला चार्जर, रिले, फ्यूज आणि मजुरी धरून दीड-दोन हजार.

एक पुरवणी. केबल लांब ठेवू नका आणि फोनकडचं टोक काटकोनी घ्या. सरळ टोक थरथरीने फोनचं सॉकेट सैल करतं. जुन्या फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो फोन गाडीवर लावूच नका, ती बॅटरी धोकादायक असते.

राईनकाठी

जर्मनीतून लिहितो. इथे मोटरसायकलचं जीपीएस म्हणजे झूमो किंवा टॉमटॉम रायडर, आणि वापरलेली यंत्रं सहज मिळतात. तरी भावाकडून मागवण्याआधी दोन गोष्टी बघा. युरोपात विकलेल्या यंत्रात बहुधा युरोपचेच नकाशे असतात, भारताचे नसतात. गार्मिनमध्ये मार्ग निघतो: ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा मोफत नकाशा मेमरी कार्डावर 'गार्मिन' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला की यंत्र तो वाचतं. टॉमटॉममध्ये अशी सोय नाही, म्हणून तो मागवू नका. दुसरं, दुरुस्ती आणि वॉरंटी. यंत्र भारतात बिघडलं तर परत इथेच पाठवावं लागेल.

बारा हजारांत बसेल असं खरं जीपीएस म्हणजे वापरलेलं ईट्रेक्स २२एक्स. हातात धरायचं यंत्र आहे, ट्रेकिंगचं. दोन साध्या पेन्सिल सेलवर २५ तास चालतं, पाण्यात टिकतं, टच नाही, बटणं आणि छोटी कांडी आहे म्हणून हातमोज्यांनी चालतं. पडदा उन्हात जास्त स्पष्ट दिसतो, फोनच्या बरोबर उलट.

घाटमाथा

ईट्रेक्स मी सह्याद्रीत पायी वापरलंय. विश्वासू यंत्र. पण पडदा २.२ इंची आहे आणि आवाजी सूचना नाहीत. साठच्या वेगात त्यावर गावाचं नाव वाचायला गेलं तर नजर रस्त्यावरून फार वेळ हटते. माझ्या मते मोटरसायकलवर मुख्य यंत्र म्हणून नको. लडाखला जाताना बॅगेत दुसरं म्हणून असेल तर झकास.

निळी_हिमालयन

भाऊ परदेशातून आणतोय म्हणून एक कळकळीची विनंती. गार्मिनचं इनरीच आणू नका. दिसायला जीपीएससारखंच, पण त्यातून उपग्रहाद्वारे संदेश पाठवता येतात, आणि भारतात सरकारी परवानगीशिवाय असं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूवर इनरीच जवळ सापडल्यामुळे कारवाई झाली होती. लडाख तर सीमेचा भाग. संकटात मदत मागता यावी म्हणून लोक प्रेमाने भेट देतात, आणि विमानतळावरच संकट उभं राहतं. फक्त संदेश घेणारं, म्हणजे साधं जीपीएस, चालतं.

साताऱ्याचा_स्वार

खूपच उपयोगी माहिती. इनरीचबद्दल मला अजिबात कल्पना नव्हती, भावाला आत्ताच कळवतो. आता नकाशाचं सांगा. सिम नसलेल्या फोनवर गूगल चालेल का? आणि सध्या मोटरसायकलसाठी छोटे पडदे मिळतात, फोन खिशात ठेवून त्यावर अँड्रॉइड ऑटो (फोनवरचा नकाशा बाहेरच्या पडद्यावर दाखवणारी सोय) दिसतं, ते कसे आहेत?

घाटमाथा

छोटे पडदे आधी. कल्पना चांगली आहे. फोन बॅगेत सुरक्षित राहतो, पावसात पडदा भिजला तरी चालतो, थरथर फोनला लागत नाही. पण त्यांच्यात स्वतःचा नकाशा नसतो, सगळं फोनवरून येतं. म्हणजे तुमचा रोजचा फोन परत कामाला जुंपला. अनोळखी नावाच्या स्वस्त पडद्यांचा प्रकाश जाहिरातीत लिहितात तितका नसतो, हा माझा अनुभव. तुमच्या बजेटमध्ये चांगला बसणार नाही. बजेट वीसपर्यंत गेलं तर मी हाच घ्या म्हणेन.

नकाशाचा मुद्दा मात्र सगळ्यात मोठा, आणि लोक त्याकडे सगळ्यात शेवटी बघतात. आपल्याकडे दुचाकीला बंदी असलेले रस्ते बरेच आहेत: मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, अटल सेतू. चारचाकीच्या मोडमधलं कुठलंही अ‍ॅप तुम्हाला हमखास तिकडे नेणार. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीचा वेगळा मोड आणला, तो चांगला आहे, पण त्याला इंटरनेट हवं. ऑफलाइन उतरवलेल्या नकाशावर गूगल फक्त चारचाकीचा मार्ग देतं, रहदारी आणि पर्यायी रस्ते दाखवत नाही.

म्हणून सिम नसलेल्या फोनसाठी ऑसमअँड हे ऑफलाइन नकाशाचं अ‍ॅप. मोफत आवृत्तीत सात नकाशे उतरवता येतात आणि भारताचे नकाशे राज्यवार असल्यामुळे तेवढे पुरतात. मोटरसायकलचं वेगळं प्रोफाइल आहे. आणखी एक सोय कमालीची उपयोगी: आवाजाच्या बटणांनी नकाशा लहान-मोठा करता येतो. म्हणजे हातमोज्यांचा अर्धा प्रश्न सुटला. शिकायला मात्र वेळ लागतो, सेटिंगचं जंगल आहे. ज्याला ते नको त्याने ऑर्गॅनिक मॅप्स घ्यावं. सोपं, हलकं, जाहिराती नाहीत, पण मोटरसायकलचं प्रोफाइल नाही.

गावातला नेमका पत्ता, हॉटेल, पेट्रोल पंप यांसाठी गूगल किंवा आपलं मॅपल्स रोजच्या फोनवर ठेवाच. मॅपल्स गतिरोधक आणि धोकादायक वळणं आधी सांगतं, मोटरसायकलवाल्याला त्याची किंमत कळते.

लाल_माती

सागरी मार्गाचा विषय निघाला म्हणून लिहिते, माझं माहेर गुहागरजवळ. त्या रस्त्यावर नकाशापेक्षा खाड्यांचं गणित महत्त्वाचं. वरून खाली येताना आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड, अशा चार ठिकाणी गाडी जंगलजेटीवर (गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर) चढवायची. अ‍ॅपमध्ये 'फेरी टाळा' हा पर्याय चुकून चालू राहिला की ते तुम्हाला प्रत्येक खाडीला पूर्ण वळसा घालून महामार्गाकडे नेतं. दाभोळ समोर दिसत असताना चिपळूण फिरून जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

दुसरं म्हणजे, शेवटची जेटी किती वाजता सुटते हे नकाशा सांगत नाही. ते आधीच्या गावात विचारून घ्यायचं. ऑफलाइन अ‍ॅप शांतपणे तुम्हाला रात्री धक्क्यावर नेऊन सोडेल.

आणि खारी हवा. पाण्यात टिकेल असं लिहिलेल्या वस्तूलाही ती सोडत नाही. आयपी६७ म्हणजे धूळ आणि एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, एवढीच हमी. मुक्कामाला पोचलात की माउंट आणि चार्जरचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडं करा. चार्जिंगचं सॉकेट ओलं असताना केबल लावू नका.

विदर्भवासी

वा, लाल_माती ताई, ही माहिती कुठल्याच यंत्रात सापडली नसती. एक शंका सगळ्यांना. नाविक असलेला फोन घ्यावा का? जाहिरातीत फार लिहितात.

घाटमाथा

नाविक ही आपली, इस्रोची, प्रणाली. भारत आणि भोवतालच्या सुमारे पंधराशे किलोमीटरपर्यंत तिचा आवाका. फोनला असलं तर चांगलंच, जितके जास्त उपग्रह दिसतील तितकं दरीत बरं. उंच कड्यांच्या मध्ये आभाळाची चिंचोळी पट्टीच दिसते आणि कड्यावर आपटून आलेले संदेश जागा पाच-पन्नास मीटर सरकवतात. ताम्हिणीत किंवा वरंध्यात एकमेकांवर दुमडलेल्या वळणांत बाण खालच्या रस्त्यावर उडी मारतो तो यामुळेच. उपग्रहांच्या लहरींचे एल१ आणि एल५ असे दोन पट्टे पकडणारा फोन तिथे जास्त स्थिर राहतो. पण वापरलेला स्वस्त फोन घेताना मी आधी बॅटरी, पडद्याचा प्रकाश आणि चार्जिंग सॉकेट बघेन, नाविक त्यानंतर.

पावसाळ्यात वरंध्यासारखे घाट बंद ठेवतात, हे ऑफलाइन नकाशाला कळत नाही. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची सूचना बघा.

तांब्याची_तार

पोलीस अडवतात का, हा प्रश्न माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झालाय. वाहन चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येतं, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. माउंटवर नकाशा ठीक, चालता चालता टाइप करणं नाही. बाजूला थांबा, मार्ग लावा, मग निघा.

निळी_हिमालयन

लडाखसाठी: बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. त्यामुळे ऑफलाइन नकाशे घरूनच उतरवून न्या, लडाख, जम्मू-काश्मीर आणि हिमाचल तिन्ही. थंडीत बॅटरी भराभर उतरते, रात्री फोन झोपायच्या पिशवीत आत घेऊन झोपा.

ग्रुपने जाणार असाल तर जीपीएक्स फाइल (मार्ग साठवलेली फाइल) वाटून घ्या, आणि ट्रॅक व रूट यांतला फरक समजून घ्या. रूट दिला की प्रत्येकाचं यंत्र आपल्या पद्धतीने रस्ता परत मोजतं, आणि एकाच ग्रुपमधले लोक वेगवेगळ्या वाटांनी जातात. ट्रॅक म्हणजे ठिपक्यांची ठरलेली रेघ, ती बदलत नाही. वाटायचा तो ट्रॅक.

साताऱ्याचा_स्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय: बायकोचा जुना फोन घरातच आहे, बॅटरी फुगलेली नाही, तपासली. त्यात ऑसमअँड. जबड्याचा माउंट आणि डँपर, रिलेसह चार्जर, वर टोपी. पाच हजारांच्या आत बसतंय. उरलेल्या पैशांत भावाकडून चांगल्या स्थितीतलं ईट्रेक्स मिळालं तर लडाखसाठी घेईन, नाही तर पुण्यात शोधेन.

लाल_माती ताई, तुमच्याकडे चारही जेट्यांसकट सागरी मार्गाचा ट्रॅक असेल तर द्याल का?

लाल_माती

आहे. रविवारी इथेच टाकते. रेवस ते रत्नागिरीचा माझा स्वतःचा ट्रॅक आहे, पुढे रेड्डीपर्यंतचा भावाचा जोडून देईन. तवसाळच्या धक्क्याकडे उतरायचा फाटा अंधारात सुटतो, तिथे खूण घालून ठेवते. आणि धोपाव्याला पोचलात की गुहागरात थांबा, जयगडची घाई त्याच दिवशी करू नका.